हजेरीच्या सोळा सह्या

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे साडेसात. नांदेडात आमच्या मैदानाच्या कट्ट्यावर जमलेली रक्कम चार हजार दोनशे रुपये. हजर माणसं एकवीस. त्यांत ज्यांची मुलगी टीममध्ये खेळते असे दोनच. एक मी, आणि दुसरे एक भाजीचे ठोक व्यापारी, जे दोनशे रुपये टेकवून पाच मिनिटांत मार्केटला निघून गेले. ज्यांच्यासाठी ही सभा भरली होती ते सर गैरहजर. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

आमचा क्लब मुलींच्या बेसबॉलचा आहे. या खेळात मॅनेजर म्हणजे बॅगा सांभाळणारा माणूस नव्हे. कुणी कुठं उभं राहायचं, कधी पळायचं, चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात थकला की तिला कधी बसवायचं, हे सगळं तो ठरवतो. आमच्याकडे ते काम नऊ वर्षं सरांनी केलं. ते भोकरचे, शाळेत पीटीचे मास्तर होते, आता पेन्शनवर. पहाटेच्या पहिल्या एसटीनं यायचे. क्लबनं त्यांना कधी पगार दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. नोव्हेंबरात क्लबनं त्यांना फोनवरून सांगितलं की आता सर्टिफिकेट असलेला माणूस घ्यायचा आहे. ते ‘बरं’ म्हणाले.

मी मोजणी खात्यात आहे, शेतांच्या हद्दी मोजतो. सरांच्या पहिल्याच वर्षी लहानग्या मुलीला सोडायला जायचो तेव्हा एकदा सहज टेप लावून बघितला. पळताना गाठायच्या चारही बेसमधलं अंतर सारखं पाहिजे, तर एक बाजू साडेतीन फूट कमी भरली. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणूनच आमच्या पोरी तिथं लवकर पोचून राहिल्या होत्या होय!” आणि त्याच दिवशी त्यांनी खुंटी उपटून हलवली. तेव्हापासून स्कोअरची वही आणि हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे आलं. मुलीनं मैदानात आलं की आधी नावापुढं सही करायची, सहीपुढं वेळ लिहायची, मगच बुटाची नाडी बांधायची, हा सरांचा नियम. रोजचं एक पान.

त्यामुळे आकडे माझ्याकडे आहेत. सरांच्या नऊ वर्षांत आम्ही एकाहत्तर सामने खेळलो. जिंकलो एकोणतीस, हरलो बेचाळीस. त्या रविवारी कट्ट्यावरचा प्रत्येक माणूस उठून सांगत होता की सर असताना आपण हरणं बघितलंच नाही. एक जण म्हणाला, “परभणीवाल्यांना आपण असं धुतलं होतं, की ते बसमध्ये रडत गेले.” परभणीशी आम्ही चारदा खेळलो आणि चारही वेळा हरलो. एकदा अकरा रननं. बसमध्ये रडत आमच्याच पोरी आल्या होत्या. मी पाठीमागच्या सीटवर होतो.

मग हे सगळे चिडले होते कशानं? नवा मॅनेजर आला, तिशीतला, हातात लॅपटॉप, तोंडात कमी शब्द. त्यानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट केली. मैदानाच्या कडेनं सुतळी बांधली आणि बघणाऱ्यांना म्हणाला, “काका, सुतळीच्या बाहेर बसा.” सरांच्या काळात हे सगळे पार पिचरच्या पाठीमागं खुर्च्या टाकून बसत. चेंडू पडला की सल्ले देत. सर प्रत्येकाला “हाव, हाव, बरोबर हाय” म्हणत आणि जे करायचं तेच करत. लोकांना वाटायचं टीम आपणच चालवतो. आता खुर्ची सुतळीच्या बाहेर गेली आणि बाहेर गेलेल्या खुर्चीला एकदम सरांची आठवण यायला लागली.

सगळ्यांत पुढं प्लॉटिंगवाले अण्णा. अण्णा वावरांचे तुकडे पाडून विकतात, त्यामुळे माझी त्यांची जुनी ओळख, आणि त्या ओळखीबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. त्यांच्या घरातलं कुणी टीममध्ये नाही. त्यांना बेसबॉलमध्ये किती इनिंग असतात हे विचारायची माझी फार इच्छा आहे, पण माणूस मोठा आहे. ते उभे राहिले आणि म्हणाले, “सरांची बेइज्जती म्हणजे नांदेडची बेइज्जती! उद्याच्या उद्या निवेदन!”

आमच्याकडे नळाला पाणी आलं नाही तरी निवेदन, आलं आणि गढूळ आलं तरी निवेदन. पाच माणसं, एक कागद, साहेबांच्या हातात कागद देतानाचा फोटो. फोटो आला की काम झालं. कागदात काय लिहिलं होतं हे नंतर देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अण्णा माझ्याकडे वळले. “साहेब, तुमच्याकडं पोरींच्या सह्या असतील की. आकडा लागतो. आकड्याशिवाय आजकाल कुणी ऐकत न्हाई.”

मला वाटलं, चला, नऊ वर्षांत कुणीतरी माझा आकडा मागतोय. सरांच्या हाताखाली पोरी किती नेमानं यायच्या हे दाखवायचं असेल असं मी समजलो. समजलो म्हणजे विचारलं नाही. सगळ्या सोळा जणी हजर असलेलं एक पान निवडलं, झेरॉक्स काढली, वर लाल पेनानं ‘पूर्ण हजेरी’ असं लिहून दिलं. मोजणीला जाताना मी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय खुंटी रोवत नाही. इथं कुणालाच विचारलं नाही.

सोमवारी निवेदन दिलं गेलं. ग्रुपवर फोटो पडला. क्रीडा कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलापुढं नऊ माणसं, कागदाला नऊ हात. फोटोखाली मुठीच्या इमोजींची रांग. मी फोटो मोठा करून बघितला, पण कागद वाचता आला नाही.

गुरुवारी दुपारी नव्या मॅनेजरचा फोन आला. “काका, लातूरवाल्यांनी आपली टीम काढली.”

राज्यस्पर्धा लातूरला होती, आठ दिवसांवर. मी म्हणालो, “काढली म्हणजे?”

“म्हणजे आपण माघार घेतली म्हणून नोंद केली. राखीव टीमला कळवलंपण. त्यांच्याकडं आपल्या पोरींच्या सह्यांचं पत्र आलंय. मला तुमच्याशी भांडायचं नाही काका. नुसतं विचारतो, तुमच्या मुलीला माझ्या हाताखाली खेळायचं नव्हतं तर मला सांगितलं का नाही?”

त्यानं पत्राचा फोटो पाठवला. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे निवेदनाचा एक ठरलेला साचा असतो. वरचा विषय बदलतात, खालचं तसंच ठेवतात. नंतर मी त्याला जाऊन विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, ‘अन्यथा’ लिहिल्याशिवाय निवेदन कसलं?” तर त्याच्या ‘अन्यथा’त लिहिलं होतं की जुन्या मॅनेजरला परत न घेतल्यास खाली सह्या करणाऱ्या खेळाडू राज्यस्पर्धेत सहभागी होणार नाहीत. त्याखाली माझं पान. वरची ‘पूर्ण हजेरी’ कापलेली, उजवीकडचा वेळेचा रकाना कागद दुमडून झाकलेला. आणि सगळ्यांत खाली, ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून सात नावं, कारण जास्त नावं असली की पत्र वजनदार दिसतं. सातवं नाव लातूरच्या आयोजकांचं. बाकी सहा जणांनी पत्र उघडलंही नसेल. सातव्यानं वाचलं आणि शब्दाला शब्द धरून वागला.

माझी मुलगी कॅचर आहे, बॅटवालीच्या मागं बसून पिचरचा चेंडू पकडणारी. दोन वर्षं ती राखीव म्हणून बाकावर बसली. यंदा पहिल्यांदा होम प्लेटच्या मागं तिची जागा पक्की झाली होती, आणि जानेवारीत ती वयोगटातून बाहेर पडणार होती. पुढं नोकरीच्या फॉर्ममध्ये खेळाडूचा रकाना असतो, त्यात लिहायला तिच्याजवळ ही एकच स्पर्धा. तिनं माझ्या मोबाइलवर तो फोटो बघितला. मग बोटानं मोठा केला.

“पप्पा, ही हजेरी आहे.”

“हो.”

“माझ्या सहीच्या बाजूला पाचचा शेंडा दिसतोय. मी पाच पन्नासला आले होते त्या दिवशी.” मग म्हणाली, “हे पान तर तुमच्या कपाटात असतं.”

बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “अहो, तुम्ही दिलं काय?”

मी हो म्हणालो. मुलगी ग्लोव्ह घेऊन गच्चीवर गेली आणि भिंतीवर चेंडू मारत बसली. मी खाली बसून ठोके मोजत होतो. एकशे चाळीसपर्यंत मोजले.

संध्याकाळी मैदानावर गेलो तर कट्ट्यावर पेढे वाटणं चालू.

“बघितलं का साहेब दणका?” अण्णा म्हणाले. “तीन दिवसांत टीमच मागं! आता बघू तो लॅपटॉपवाला कुणाला खेळवतो ते.”

मी म्हणालो, “अण्णा, टीम मागं गेली म्हणजे पोरी घरी बसल्या.”

“थोडा त्याग करावाच लागतो हो.”

“तुमचं कोण हाय टीममध्ये?”

अण्णांनी पेढा तोंडात टाकला. “सगळ्या आपल्याच पोरी हायेत.”

“मग एकीचं नाव सांगा.”

अण्णांनी दुसरा पेढा उचलला. बाजूचा एक जण म्हणाला, “ती उंच पोरगी, पिचर... काय बरं...” दुसरा म्हणाला, “साहेब तर लई मनाला लावून घेऊन राहिले,” आणि सगळे हसले. पेढ्याचा बॉक्स माझ्यापर्यंत आला. मी पुढं सरकवला. सरांवर जीव टाकणाऱ्या या एकवीस माणसांपैकी महिनाभरात भोकरला कुणी गेलं होतं का, असं मी विचारलं. कुणी गेलं नव्हतं. त्यात मीही होतो.

शुक्रवारी सकाळी रजा टाकून मी भोकरला गेलो. सर ओसरीत बसून फाटलेला ग्लोव्ह शिवत होते. चांभाराची सुई, मेणाचा दोरा. क्लबचे जुने आठ ग्लोव्ह दुरुस्तीला म्हणून त्यांनी घरी आणले होते आणि काढून टाकल्यावरही ते काम चालूच ठेवलं होतं. मला बघून म्हणाले, “जय भीम, मोजणीवाले. बसा. खुंटी हलली काय?”

मी सगळं सांगितलं. निवेदन झालं हे त्यांना माहीतही नव्हतं. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

“माझी सही घेतली का कुणी?”

“नाही.”

“मग माझ्यासाठी काय केलं ह्यांनी?” मग म्हणाले, “मला काढलं त्याचं मी बघून घेईन. पोरींना कामून काढलं?”

मी पान मी दिल्याचं सांगितलं. मला वाटलं काहीतरी समजुतीचं बोलतील. “रजिस्टर आणलं का?” एवढंच विचारलं. रजिस्टर पिशवीत होतं. “चला मग. पण आधी नांदेडात त्या नव्या पोराला घ्यायचं. त्याच्याशिवाय लातूरला जाऊन उपयोग न्हाई.”

नव्या मॅनेजरला स्टँडवर बोलावलं. तो आला, सरांना बघून गोंधळला, वाकून नमस्कार केला. तिघांच्या सीटवर मी मधे, एकीकडं काढलेला मॅनेजर, दुसरीकडं ठेवलेला. लोह्याला बस थांबली. मग सरांनी माझ्या डोक्यावरून विचारलं, “पिचरचा उजवा खांदा तिसऱ्या इनिंगनंतर उतरतो, लक्षात आलं का?”

“नाही सर.”

“ती सांगत न्हाई. टोपी काढून परत घालायला लागली की समजायचं. आणि ह्यांची पोरगी,” माझ्याकडे हात करून, “दुसऱ्या बेसला चेंडू टाकताना एक पाऊल जास्त घेती. रागावून सांगितलं की दोन पावलं घेती. चेष्टा करून सांगायचं.”

नव्या मॅनेजरनं वही काढली. अहमदपूरला चहा झाला तोवर नऊ पोरी झाल्या होत्या, लातूरच्या अलीकडे सोळाही. कुणाच्या घरी वडील पाठवायला कुरकुर करतात, कुणाला उपाशीपोटी खेळायची खोड, कुणाला डाव्या बाजूनं बोललेलं ऐकू येत नाही. मी नऊ वर्षं त्याच मैदानावर वही घेऊन बसत होतो आणि यातलं काहीही माझ्या वहीत नव्हतं. सर्टिफिकेटवाला मात्र सगळं लिहून घेत होता. त्याच्याविषयी माझं मत त्या बसमध्ये बदललं. कट्ट्यावरच्या लोकांना ते बदलायची संधी मिळाली नाही, कारण ते अशा बसमध्ये कधी बसत नाहीत.

लातूरला आयोजक मॅडम कडक होत्या. म्हणाल्या, “टीम परत घ्यायची तर मॅनेजरनं लेखी द्यायला पाहिजे. तुम्ही मॅनेजर?”

“मी मागच्या महिन्यापर्यंत होतो. हा आता आहे,” सर म्हणाले.

“म्हणजे हे सगळं तुमच्यासाठी चाललंय!”

“असं मलाही आज सकाळी कळालं.”

मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. एकशे बारा दिवसांची एकशे बारा पानं, त्याच सह्या, प्रत्येकीपुढं वेळ. त्यांच्याकडचं पत्र आणि माझं मूळ पान शेजारी ठेवलं. दुमडलेल्या कडेला आकड्यांचे शेंडे तिथंही दिसत होते. मॅडमनी दोन्ही पानं खिडकीजवळ नेऊन बघितली.

“आणि ही झेरॉक्स बाहेर गेली कशी?”

उत्तर माझं होतं. “मी दिली,” मी म्हणालो. “कशासाठी ते न विचारता.”

“हे लिहून द्याल?”

मी चार ओळींत लिहून दिलं. खाली सही, सहीपुढं वेळ, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. नव्या मॅनेजरनं टीम खेळणार असल्याचं पत्र दिलं. राखीव टीमला कळवलं होतं, पण त्यांचा होकार अजून आला नव्हता, म्हणून जागा वाचली. फक्त उशिराचे एक हजार रुपये रोख भरायचे होते. माझ्या खिशात सहाशे होते, नव्या मॅनेजरकडे नुसता मोबाइल, आणि मॅडमच्या टेबलावर मोबाइलनं पैसे घ्यायची सोय नव्हती. सरांनी पायजम्याच्या आतल्या खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि ठेवल्या.

स्पर्धेला आमचे चाहते दोन क्रूझर गाड्या करून लातूरला आले. सोबत फ्लेक्स. त्यावर सरांचा कुणाच्यातरी लग्नातला फेट्यातला फोटो, ‘अन्याय सहन करणार नाही’ अशी ओळ आणि खाली एकवीस गोल चेहरे. पहिल्या सामन्याच्या तिसऱ्या इनिंगपर्यंत त्यांनी नव्या मॅनेजरच्या नावानं ओरडून घेतलं. तिसऱ्यानंतर आमच्या पिचरनं टोपी काढून परत घातली. त्यानं लगेच तिला बसवलं. “बघा! बघा! चांगल्या पोरीला बसवलं! सर असते तर बसवली असती का?” अण्णा ओरडत होते. सर त्यांच्यापासून वीस फुटांवर, दुसऱ्या गावच्या लोकांत बसून शेंगा खात होते. कुणी त्यांना ओळखलं नाही. फेटा नव्हता ना.

तो सामना आम्ही दोन रननं जिंकलो. पाचव्या इनिंगला माझ्या मुलीनं दुसऱ्या बेसला चेंडू टाकून पळणारी बाद केली. एकच पाऊल घेतलं. सातव्या इनिंगला अण्णा नव्या मॅनेजरच्या नावानंच ओरडत होते, पण आता शेवटी ‘की जय’ लागलं होतं. दुसरा सामनाही जिंकलो. तिसरा हरलो आणि घरी आलो. माझी मुलगी तिन्ही सामन्यांत शेवटपर्यंत खेळली. तिचं सर्टिफिकेट आता कपाटात रजिस्टरच्या वर आहे. त्या कपाटाची किल्ली हल्ली तिच्याकडे असते.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर नवा फ्लेक्स लागला. चौकट तीच, बांबू तेच, खालचे एकवीस चेहरे तेच, मधे नवा मॅनेजर आणि ‘हार्दिक अभिनंदन’. चेहऱ्यांत मीही आहे. मला विचारलं नव्हतं. मी काढायला सांगितलं तर अण्णा म्हणाले, “राहू द्या हो साहेब, पुढच्या बारीला काढू.” सुतळी अजून जागेवर आहे आणि खुर्च्या सुतळीच्या बाहेर. तिथूनच सल्ले चालू असतात. आता ते नव्या मॅनेजरला म्हणतात, “पोरा, तू आमचाच.” तोही “हाव काका” म्हणायला शिकलाय. हे त्याला सरांनी बसमध्ये सांगितलेलं सतरावं असावं.

जमलेल्या चार हजार दोनशेपैकी टायपिंगवाल्याला दोनशे गेले, पेढ्यांना सहाशे, आणि उरलेले चौतीसशे दोन फ्लेक्सचे म्हणून फ्लेक्सवाल्याला. सरांच्या नावानं जमलेल्या रकमेतला एक रुपयाही भोकरला पोचला नाही. लातूरला भरलेले हजार मी जानेवारीत सरांना नेऊन दिले. त्यांनी मोजून घेतले आणि त्यातून एकशे साठ परत केले. मी नको म्हणालो तर म्हणाले, “जातानाचं माझं हाफ तिकीट तुम्ही काढलं होतं. वहीत लिहा.” सरांना मिळाले आठशे चाळीस, तेही त्यांचेच.